अनुग्रहआत्याची गप्प घटका

फार मागं, आमच्या खडकवस्तीला गाडीवाटसुद्धा धड नव्हती, तेव्हा अनुग्रहआत्या होऊन गेली. मंडळी ख्रिस्ती, प्रार्थनेचं देऊळ मातीचं, आणि पाळकसाहेब यायचे कधीतरी बैलगाडीनं. मधल्या रविवारी प्रार्थना आत्याच करायची. तिनं हात जोडले की लिंबावरची पाखरं चोच मिटायची, असं म्हणतात.

पण त्या गुणाचाच तिला जाच झाला. कुंभाराला मडकं सांगून जावं, तशी माणसं आपापली प्रार्थना तिच्या ओसरीवर सांगून जायची.

"आत्या, आमचं तेवढं देवाच्या कानावर घाला, मी बाजारला निघालोय."

"आत्या, उपासाचं तुम्हीच बघा, मला पित्त होतं."

आत्या चिडायची, बडबडायची, आणि तरी गुडघे टेकायची.

मग एकदा लूकस आला. बांधावरून त्याचं आणि धाकट्या भावाचं, होशेचं, बोलणं तुटलं होतं. दोघं एक झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही, म्हणून त्यांची म्हातारी आई हटून बसली होती. ओठ सुकून चालले होते तिचे.

लूकस म्हणाला, "आत्या, माझ्या वतीनं तुम्हीच होशेला क्षमा करून टाका. तुम्हाला सवय आहे."

आत्यानं कपाळावर हात मारला. "उद्या म्हणशील, माझ्या वाटचं तुम्हीच जेवा!"

"ते मी जेवीन की," लूकस म्हणाला.

रविवारी आत्या उभी राहिली. "देवा, लूकसच्या वतीनं" एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज गेला. वारासुद्धा थांबला, असं म्हणतात. मंडळी वाट बघत बसली. मागून कुणी म्हणालं, "उरका आत्या, चूल पेटवायचीय." पण आवाज काही येईना. ऊन दारातून भिंतीवर चढलं.

लूकसच्या डोळ्यांपुढं घरची तहानलेली आई येत होती. शेवटी तोच उठला, अडखळत म्हणाला, "देवा, मला नीट येत नाही. होशेचा राग येतो मला. तो काढ."

होशे रडतच उठला. "माझाबी काढ."

तिकडं घरी म्हातारीनं आपणहून तांब्या मागितला, असं म्हणतात.

आणि इकडं आत्याचा आवाज परत आला. "एवढंच होतं ना रे मेल्यांनो? माझे गुडघे गेले तुमच्यापायी!"

अजूनही आमच्याकडं प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब गप्प राहतात. ज्यानं त्यानं आपलं बोलायचं, मगच भाकर मोडायची. एखादा पाहुणा कंटाळून कुजबुजतो, "अहो, कुणीतरी सुरू करा की."

शेजारची म्हातारी डोळे मिटूनच म्हणते, "कर की मग."