सात सोनचाफ्यांचा बांध

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. राणी इलावतीला नौकाविहाराची हौस, म्हणून त्याने ओढ्यावर मातीचा छोटासा बांध घालून तळे केले. त्या तळ्यात एका मांत्रिकाची कुटी बुडाली. जाताना तो म्हणाला, "राजा, या बांधावर तुला भरलेले रिते दिसेल आणि रिते भरलेले." राजाने ते मनावर घेतले नाही.

राणीने बांधावर सात सोनचाफे लावले. पुढे ती वारली. राजा रोज तिथे एकटा येऊन बसे.

एका श्रावणात त्याला तळे आटताना दिसले. त्याने बांधाखालून पाणी सोडायची मोरी बुजवली, जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यावर फळ्या ठोकवल्या. तरी पाणी खालीच चाललेले. राजा बुचकळ्यात पडला.

तेव्हा कापड विणणारी येसू नावाची साळीण बांध चढून आली.

"महाराज, तळं काठोकाठ भरलंय. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपतंय. आतली माती वाहून चाललीय."

"मला तर तळ दिसतो आहे. आणि बाई, तू राहतेस कुठे? खाली ओसाड माळ आहे."

"चाळीस घरं आहेत, महाराज. मागांचा आवाज येत नाही का?"

राजाने कान दिला. खटखट ऐकू येत होती. डोळ्यांपुढे मात्र माळच.

चाफ्यावरचा खंड्या पक्षी बोलला, "शाप डोळ्यांना आहे, कानांना नाही. तीन कामे कर, म्हणजे बांध वाचेल आणि शापही सुटेल. सांडवा मोकळा कर. मोरी उघडून तळे रिते कर. मग चाफे मुळांसकट काढ. मुळांनी बांध पोखरला आहे."

"तुला मांत्रिकानेच पाठवले नसेल कशावरून?"

"मला पाणी कळते, राजा. माणसे कळत नाहीत."

राजाने वाकून समोरच्या कोरड्या वाळूवर हात टेकला. हात कोपरापर्यंत भिजला.

त्याने फळ्या काढवल्या. मग मोरी उघडली, आणि त्याला पाणी फुगत पायांशी येताना दिसले.

"येसू, मोरी लावून घेऊ का?"

"नको, महाराज. पाणी उतरतंय, अजून दोन हात उरलंय."

डोळे मिटून तो तिच्या शब्दावर उभा राहिला.

तळे रिते झाले. मग चाफे. सहा झाडे नोकरांनी काढली. सातव्यापाशी राजा बराच वेळ थांबला आणि कुऱ्हाड त्याने स्वतः घातली. मुळांच्या पोकळ्यांत चिकणमाती भरून साळ्यांनी ती पायांनी तुडवली. माणसांनी भरलेला बांध राजाला रिताच दिसत होता, नुसती पावले वाजत होती.

शेवटचा खड्डा बुजला, आणि शाप सुटला. समोर रिकामे, चिखलाचे तळे होते. शेजारी गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली माणसे उभी होती. खाली चाळीस छपरे होती, आणि दारादारांत पळून जाण्यासाठी बांधलेली गाठोडी.



"गाठोडी सोडायला सांग," तो येसूला म्हणाला. "यापुढे बांधावर फक्त गवत राहील. दर साल पावसाआधी तो तुम्ही बघायचा. मी बरोबर असेन."

येसू उतरून गेली. एकेका दारातले गाठोडे आत जाऊ लागले.