सुमाबाईच्या वाट्याचं

"तिच्यात असं काय आहे अप्पा, जे माझ्यात नाही?"

अप्पांनी मान वर केली नाही. झोळीचा उसवलेला कोपरा ते शिवत होते.

"कुणात?"

"तुम्हाला माहीत आहे कुणात."

"तुमच्या तोंडून ऐकू द्या की, साहेब."

गुरुनाथ तोंडारे घासात खडा यावा तसं तोंड करून म्हणाले,

"सुमित्रा धुळशेट्टे."

करडवेळ नगरपंचायतीत तोंडारे बांधकाम समितीचे सभापती होते. बाजारपेठेतला सिमेंटचा रस्ता त्यांच्या काळात झाला, शाळेची संरक्षक भिंत झाली, एसटीचा थांबा झाला. माणूस कामाचा होता. मळकी फाईल त्यांना चालत नसे आणि मळका सदराही.

सुमित्रा धुळशेट्टे पहिल्यांदाच निवडून आली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीत तिची पिठाची गिरणी होती. सभेलाही ती केसांवर पिठाची भुकटी घेऊन यायची.

मुरुगय्या अप्पा गावाबाहेरच्या मठाचे म्हातारे जंगम. तोंडारे दर सोमवारी त्यांच्या दर्शनाला यायचे. आज सोमवार नव्हता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"पलीकडच्या वस्तीत काल नळाला पाणी आलं. जलवाहिनी बदलली ना आम्ही. मंजुरी मी आणली. जिल्ह्याच्या कचेरीत चपला मी झिजवल्या. लोकांनी ओवाळलं कुणाला? तिला."

"ओवाळू द्या."

"गोदाबाई सोनफुले आरतीचं ताट घेऊन आली. मला वाटलं… मी पुढं झालो. तर म्हणाली, साहेब, जरा ताट धरता का, कुंकू सांडायलंय. मी ताट धरलं, अप्पा. मी ताट धरून उभा, आणि ती तिला कुंकू लावते आहे."

अप्पांनी दोऱ्याला गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

"आणि तो एसटीचा थांबा! मी बांधला. वर माझं नाव आहे, हातभर अक्षरांत. लोक काय म्हणतात? सुमाबाईचा थांबा."

"ते कसं?"

"तिनं तिथं पाण्याचा रांजण ठेवला. बस. एक रांजण!"

"पाणी गार असंल."

तोंडाऱ्यांना ते बोलणं लागलं. पण आता थांबवत नव्हतं.

"घास उतरत नाही अप्पा. चार माणसं कुठं हसताना दिसली की वाटतं, तिचंच काही चाललंय. गिरणीवरून गाडी नेत नाही मी आता. लांबून वळसा घालून जातो."

"एवढंच करता?"

"म्हणजे?"

"पोटात दुखतं तेव्हा माणूस नुसता वळसा घालून राहत नाही… आणखी काय केलंत?"

तोंडारे मठाच्या खांबाकडे बघत राहिले.

"ओढ्यावरचा पूल," ते म्हणाले. "नळकांडी पूल. पावसानं त्याची एक कड खचली आहे. तिनं दुरुस्तीचा विषय दिला होता. मी तो सभेपुढं येऊच दिला नाही."

"का?"

"पूल झाला असता तर पुन्हा तिचंच नाव झालं असतं."

अप्पांनी सुई टोपीच्या काठात खोचली. झोळी बाजूला ठेवली. तोंडाऱ्यांना वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत.

"उद्या सकाळी तिच्या गिरणीवर जाऊन बसा," अप्पा म्हणाले. "तिला काय काय मिळतं ते बघा. तुमचा हक्क आहे असं वाटलं, तर मागून घ्या."

"मी? तिच्या दारात?"

"वळसा घालून घालून पेट्रोल किती जाळणार, साहेब?"

*

त्याच संध्याकाळी गोदाबाईचा मुलगा निवृत्ती दुधाचे कॅन घेऊन पुलावरून येत होता. समोरून बैलगाडी आली. तिला वाट द्यायला त्यानं मोटारसायकल कडेला घेतली, आणि कडेला पूल नव्हता.

तो ओढ्यात पडला. पाणी गुडघाभरच होतं, म्हणून वाचला. उजवा हात मात्र कोपरापाशी मोडला.

तोंडाऱ्यांना घरी बातमी कळली. आधी अंगावर काटा आला. मग मनात दुसरं काहीतरी हललं… आता बघू तिला कोण ओवाळतं.

त्या विचाराची त्यांना लाज वाटली. पण तो गेला नाही.

सकाळी ते गिरणीवर गेले.

गिरणी बंद होती आणि दारात माणसं जमली होती. सुमित्रा पायरीवर उभी होती. समोर गोदाबाई, पदर कमरेला खोचलेला.

"झोपा काढायलीस का गं सटवे? मतं मागायला उंबऱ्याउंबऱ्यावर आलीस, आन् पूल दिसंना व्हय तुला? पोराचा हात गेला माझ्या! म्हशी तू पिळणार हायस का?"

"चुकलं काकू," सुमित्रा म्हणाली.

"चुकलं म्हनं! तुझ्या त्या खुर्चीला आग लाव!"

मग बाकीचे सुरू झाले. पुलाचं झालं, खांबावरच्या दिव्यांचं झालं, मोकाट कुत्र्यांचं झालं. एक म्हातारा तर आपल्या सुनेचं रेशनकार्ड अडकल्याबद्दल तिला बोलत होता. सुमित्रा एकेकाकडे वळून ऐकत होती. कुणाला थांबवत नव्हती.

तोंडारे बाजूच्या लिंबाखाली उभे राहिले. आपल्याला बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. थोडं वाटलंही. शिव्या तशा सणसणीत होत्या.

पण लोक येता-जाता त्यांच्याजवळून जात होते. "नमस्कार साहेब," म्हणत होते. आणि पुढं जाऊन तिला शिव्या देत होते.

नमस्कार साहेब. आणि पुढं.

नमस्कार साहेब. आणि पुढं.

बांधकाम समितीचे सभापती समोर उभे होते. पूल त्याच समितीकडे होता. एकालाही त्यांच्याकडे बघून पूल आठवत नव्हता. जसा लिंब उभा होता तसेच ते उभे होते.

गोदाबाई रडायला लागली होती. शिव्या देता देताच तिनं सुमित्राच्या खांद्यावर डोकं टेकलं. सुमित्रानं तिला धरलं. गोदाबाई तशीच, तिच्या खांद्यात तोंड खुपसून, तिला शिव्या देत राहिली.

ते बघून तोंडाऱ्यांच्या छातीत कळ आली. आरतीच्या ताटाच्या वेळीसुद्धा एवढी आली नव्हती.

ते पुढं झाले.

"पूल मी अडवला," ते म्हणाले.

कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला.

"ऐका! तिनं विषय दिला होता. मी तो सभेत येऊ दिला नाही. तिचा दोष नाही. मी अडवला!"

सगळे वळले. गोदाबाईनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघितलं.

आता येणार, असं तोंडाऱ्यांना वाटलं. त्यांनी मान ताठ केली.

"बघा, बघा," म्हातारा म्हणाला, "याला म्हणावं मोठ्या मनाचा माणूस. हिचं पाप सोताच्या डोक्यावर घ्यायलेत."

"राहू द्या साहेब," गोदाबाई म्हणाली. "तुमी कशाला मधी पडता? उन्हात नका थांबू."

कुणीतरी आतून खुर्ची आणून दिली. पुसून.

सुमित्रा त्यांच्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे त्यांना तिच्या डोळ्यांत दिसलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

"साहेब, जरा बाजूला सरा," ती हळू म्हणाली. "लोकांना बोलू द्या."

मग ती गोदाबाईला म्हणाली, "दुपारपर्यंत कडेला वाळूची पोती टाकते. निवृत्ती बरा होईस्तोवर म्हशी माझा नवरा पिळंल. चल, चहा घे आधी."

"तुझा चहा जाळ," गोदाबाई म्हणाली, आणि तिच्यामागं आत गेली.

तोंडारे खुर्चीत बसून राहिले. त्यांनाही चहा आला. बशी झाकून, वर बिस्किटं ठेवून.

*

संध्याकाळी तोंडारे मठात आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वाळू लागलेली होती. अप्पा ओट्यावर बसले होते.

"बघितलंत?" अप्पांनी विचारलं.

"बघितलं."

"पुलाचं काय?"

"तातडीची बाब म्हणून विषय घेतला. अध्यक्षांची सही आणली. पुलाखाली घालायचे सिमेंटचे नळ उद्या येतील. तोवर पोती टाकून आलो."

"आणि तो पोरगा?"

"हात जुळेल म्हणाले डॉक्टर. त्याला भेटून आलो. त्यालाही सांगितलं, मी अडवलं म्हणून."

"मग?"

"उठून बसायला लागला. साहेब स्वतः आले म्हणून…"

तोंडारे खालच्या पायरीवर बसले. एरवी ते वर, सतरंजीवर बसायचे.

"अप्पा, काल मी आरतीसाठी जळत होतो."

"हं."

"आज शिव्यांसाठी जळतोय."

पलीकडच्या शेतात कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली. तिचा आवाज येत राहिला.

"लोक तिच्या अंगावर धावून जातात. तिच्याच खांद्यावर रडतात. रेशनकार्डाचं तिला बोलतात, त्याच्याशी तिचा काय संबंध? आणि मी… मी सगळ्यांदेखत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, मी केलं म्हणून. मला खुर्ची दिली, अप्पा. पुसून दिली."

त्यांचा आवाज फाटला.

"तिच्या वाट्याचं मागून घ्या म्हणालात. मागितलं मी. एक शिवीसुद्धा नाही दिली मला कुणी. वीस वर्षं या गावात राबलो… मी कुणाचाच नाही का?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. असं त्यांनी आजवर कधी बघितलं नव्हतं.

मग ते काठी टेकत उठले. पायऱ्या उतरून खाली आले. तोंडाऱ्यांपुढं उभे राहिले, काठी जमिनीवर आपटली, आणि शेतातल्या गड्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"गुरन्या, गाढवा! मठापुढचं गटार तुंबून घाण दारापर्यंत आलीया. आत्ता त्याच्यावरनंच उडी मारून आलास न्हवं? सभापती झालास म्हणून डोळे फुटले का रे तुझे?"