तुळईवरचं छत्र

"पौर्णिमेच्या आत बागेतल्या एकूण एक जास्वंदीवर हे फूल दिसलं पाहिजे! नाही दिसलं, तर माळ्याने बायकापोरांसह राज्याची वेस ओलांडावी!"

राजा चंडसेनाने बोट वर केलं. सिंहासनावरच्या सागवानी तुळईला पिवळीधमक अळंबी फुटली होती, चांगली ताटाएवढी. गंगाजी माळ्याने हात जोडले. त्याची लेक चिमा मात्र मान वर करून बघतच राहिली.

हे खूळ प्रधान भानजीपंतांचं. "जास्वंदीला खत घाला, पाणी घाला, तेव्हा कुठे फूल येतं, तेही संध्याकाळी मिटतं," ते महाराजांना म्हणाले होते. "हे बघा! ना माळी, ना पाणी! साक्षात देवानेच आपल्यावर छत्र धरलंय!"

"होईल, महाराज," चिमा म्हणाली.

"कधी?"

"जास्वंदी मेल्या की लगेच."

गंगाजीने डोळे मिटून घेतले.

"काय बोलतेस, पोरी?" महाराज गरजले.

"जिवंत झाड हिला गोड लागत नाही, महाराज. ही कुजक्या लाकडावर पोसते. जास्वंद फुलली की समजावं, झाड धडधाकट आहे. ही फुलली की समजावं, आत खायला फारसं उरलेलं नाही."

महाराजांनी हळूच वर पाहिलं.

"अडाणी पोर!" भानजीपंत हसले. "सागाला काय होतंय?"

"मग प्रश्नच मिटला!" चिमा म्हणाली. "महाराज, आज प्रधानजींना सिंहासनावर बसू द्या. मी जास्वंदीखाली बसते. संध्याकाळी ज्याच्या डोक्यावर नुसतं फूलच पडलेलं असेल, त्याचं झाड थोर!"

महाराज तत्परतेने उठले. "बसा, पंत."

"मी? छे छे! सेवकाची काय पात्रता!"

"ती आम्ही दिली. बसा!"

पंत मान आखडून कडेला टेकले. वर 'कर्र' झालं. चिमूटभर तपकिरी भुगा पगडीवर पडला. पंतांनी अशी उडी मारली, की पगडी सिंहासनावर राहिली आणि पंत गंगाजीच्या पाठीमागे!

"पंत, देवाचं छत्र सोडून कुठे निघालात?" महाराज पोट धरधरून हसू लागले. मात्र हसता हसता तेही चार पावलं मागे सरकले.

बाग चिमाला इनाम मिळाली. नवी तुळई वाहून आणायचं काम पंतांकडे गेलं. ती बसेपर्यंत दरबार जास्वंदीखाली भरत असे. फांद्या खाली होत्या; आत येताना सगळ्यांनाच वाकावं लागे.