तीन झाडं, तीन घागरी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

एका राजधानीत नदीकाठी मोठं मैदान होतं. मैदानात तीन झाडं. चिंचेखाली शाहीर डफ वाजवून लढायांचे पोवाडे गायचा. वडाखाली सोंगाड्या तोंडाला रंग फासून लोकांना हसवायचा. आणि कडुनिंबाखाली एक म्हातारी चित्रकथीण बसायची. मांडीवर चित्रांची पोथी. एकेक चित्र उभं धरायची आणि हळू आवाजात त्याची गोष्ट सांगायची.

दुपार कलली, कामं आटोपली, की माणसं मैदानात यायची. ज्याला जिथे बसावंसं वाटेल तिथे बसायची. आज इथे, उद्या तिथे. का, म्हणून कुणी कुणाला विचारत नसे.

विचारायची ती फक्त कडुनिंबावरची साळुंकी. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण रुसलं, कोण परगावाहून आलं, सगळं तिला ठाऊक. कावळा म्हणायचा, “तुला गं कशाला नसती पंचाईत?” ती म्हणायची, “पंचाईत नाही रे, शेजारधर्म आहे!” आता तुम्हीच सांगा, शेजारी राहायचं म्हणजे एवढं लक्ष ठेवायलाच हवं की नाही?

तर त्या राज्याच्या प्रधानाला नीटनेटकेपणाची फार हौस. तो एक दिवस राजाला म्हणाला, “महाराज, प्रजा तीन झाडांखाली विखुरते, हे काही बरं दिसत नाही. जे सगळ्यांत उत्तम तेवढंच ठेवावं. बाकीचं हवं कशाला?”

“पण उत्तम कोणतं, ते ठरवायचं कसं?”

“सोपं आहे. प्रत्येक झाडाखाली एक घागर ठेवू. ज्याला जे आवडेल, त्याने तिथल्या घागरीत खडा टाकावा.”

राजाला पटलं. दिवस ठरला. आणि नेमकं त्याच दिवशी राजाचं सैन्य सीमेवरची लढाई जिंकून परत आलं! घरोघरी गुढ्या, रस्तोरस्ती हलगी. अशा वेळी माणसं जाणार कुठे? सगळी चिंचेखाली. शाहिराची घागर भरून खडे बाहेर सांडले. सोंगाड्याची अर्धी भरली. चित्रकथिणीच्या घागरीत अकरा खडे.

हुकूम निघाला. यापुढे फक्त पोवाडा. सोंगाड्याने रंग पुसावा, म्हातारीने पोथी मिटावी.

चित्रकथी लोकांत एक रीत होती. पोथी जीर्ण झाली, की तिला नदीत सोडायची, आपल्या माणसाला द्यावा तसा निरोप देऊन. प्रधानाने ही रीत अर्धवट ऐकलेली. तो म्हातारीला म्हणाला, “तुमच्यात पोथ्या नदीत सोडतातच ना? मग येत्या बाजाराच्या दिवशी ही सोडून दे. पुन्हा कटकट नको.”

म्हातारीने पोथी छातीशी धरली. “जीर्ण झालेली सोडतात, बाबा. हिची पहिली चित्रं माझ्या आईच्या हातची आहेत आणि शेवटचं मी याच वर्षी रंगवलंय. जित्या माणसाला कुणी तिरडीवर बांधतं का?”

पण हुकूम तो हुकूम.

पहिले दोन दिवस चिंचेखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगा उठल्या. पाचव्या दिवशी लोक जांभया द्यायला लागले. गावातला तांबट तर कानात बोटं घालून बसला. प्रधानाने शिपाई उभे केले, तेव्हा लोक आले, पण देवळात चुकून शिरलेल्या बोकडासारखे बावचळून बसले.

बाजाराचा दिवस उजाडला. दुपार कलताच राजा पोवाडा ऐकायला मैदानात आला, तर मैदान ओस! चिंचेखाली प्रधान एकटाच, घाम पुसत उभा.

“लोक कुठे आहेत? आणि अरे, शाहीर कुठे आहे?”

वरून साळुंकी म्हणाली, “या माझ्यामागून. मी सांगते सगळं.”

ती पुढे, राजा मागे, त्याच्यामागे प्रधान. नदीच्या घाटावर पाहतो तर काय, अख्खं गाव पायऱ्यांवर बसलेलं. म्हातारी पोथी सोडायला आली होती. लोक म्हणाले होते, “आजी, एकदा शेवटची दाखवा.” ती एकेक चित्र उभं धरत होती आणि टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता होती. सगळ्यांत पुढच्या पायरीवर, डफ उपडा ठेवून, बसला होता शाहीर.

राजा गरजला, “शाहिरा! जिंकलास तू, आणि बसलास इथे?”

शाहीर उठला. हात जोडून म्हणाला, “महाराज, गाव मला ऐकायला येतं. पण मी रोज घसा फोडून गातो, तेव्हा माझ्या कानांनी विसावा घ्यायला कुठे जावं? मी कैक वर्षं आजींकडेच येतो. त्या अकरा खड्यांतला एक माझा होता.”

साळुंकीला आता कोण अडवणार?

“महाराज, हा तांबट दिवसभर भांडी ठोकतो, म्हणून त्याला चित्रं हवीत. त्याच्या शेजारची एकटी राहणारी मावशी, तिच्या घरात आवाजच नाही, म्हणून तिला डफ हवा. आणि हा शिपाई...”

“हा?” राजा मध्येच म्हणाला, “यानेच तर त्या दिवशी पोवाड्याला खडा टाकला, मी पाहिलंय!”

“टाकला होता. तेव्हा तो वेशीतून नुकताच आत आला होता. लढाईत पडलेल्या भावाच्या घरी अजून गेला नव्हता. तिथे जाऊन आल्यापासून त्याला लढाईचा शब्द ऐकवत नाही. तो सोंगाड्याला शोधत फिरतोय, घटकाभर हसायला मिळावं म्हणून.”

शिपायाने मान खाली घातली.

“आणि महाराज,” साळुंकी जरा जवळ येऊन म्हणाली, “परवा आरशासमोर तुम्हीच सोंगाड्याची नक्कल करत होता. मी खिडकीतून पाहिलं.”

आधी राजा लाल झाला. मग त्याला जे हसू फुटलं, ते सगळ्या घाटाला फुटलं.

“प्रधानजी,” तो म्हणाला, “एका दिवसाचा उत्साह आपण जन्माची आवड समजलो. आजी, पोथी घरी न्या!”

मग काय विचारता! शाहिराने पोथी डोक्यावर घेतली. सोंगाड्या शाहिराचा डफ वाजवत, बिनरंगाच्या तोंडानेच नाचत पुढे निघाला, आणि शिपाई पोट धरून हसला. डफाच्या तालावर, भर बाजारातून, पोथी वाजतगाजत कडुनिंबाखाली परत आली. प्रधानाच्या तिन्ही घागरी पाण्याने भरून तिन्ही झाडांखाली ठेवल्या, येणाऱ्याजाणाऱ्याची तहान भागावी म्हणून. आणि प्रधान? साळुंकी सांगते, तो आता रोज वडाखाली, अगदी पुढे बसतो.

म्हणून म्हणते, कुणाला काय आवडतं ते मोजत बसू नये. त्याच्या मनाला आज कशाची तहान आहे, ते विचारावं.