पहिली पायली

पूर्वी अश्मक देशात सुयाम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका धान्यश्रेष्ठीच्या घरी नातीचा जन्म घेतला. तिचे नाव अनोपमा. आवाज खणखणीत म्हणून आजोबा उग्रदत्तांनी तिला लहानपणीच कोठारात मापाचा पुकारा करायला बसवले आणि पहिल्याच दिवशी बजावले, "ठेव घेताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. ती देवाची. त्याबद्दल कधी विचारायचं नाही."

नगरातले लोक या कोठारात धान्य ठेवत आणि लागेल तसे नेत. ठेवताना पुकारा होई, 'लाभ, एक, दोन.' पहिली पायली हिशेबात येत नसे. नेताना मात्र पहिलीपासून मोजत. मोजलेल्या प्रत्येक पायलीची एक गाठ खुंटीवर टांगलेल्या ज्याच्या त्याच्या दोरीत पडे आणि नेली की सुटे.

एका वर्षी पाऊस हुकला. माती भिजवायला पाणी उरले नाही, म्हणून पूर्णिका कुंभारणीचे चाक थांबले. मडकी विकून ती दर बाजाराला दोन पायल्या साळी ठेवून जाई. आता ती टोपली घेऊन न्यायला आली, तर तिच्या दोरीत एकही गाठ नव्हती.

"असं कसं होईल, श्रेष्ठी? आणलं त्याच्या निम्मंच नेलंय मी. घरी पोरांना परवापासून कोंडा उकडून घालतेय."

उग्रदत्तांचे भाऊ सोमिल गूळ चघळत हसले. "कुंभाराच्या घरी हिशेब! मडक्यासारख्या आठवणीही फुटतात, बाई."

अनोपमा मात्र हसली नाही. दर बाजाराला पूर्णिकेच्या टोपलीवर तीच पुकारा करत आली होती. 'लाभ, एक.' झाले, संपले. दोन पायल्या आणि गाठ एक. इतकी वर्षे आपण काय म्हणतो आहोत, ते तिला आज पहिल्यांदा ऐकू आले.

"आजोबा, गाडीभर धान्य आणणाऱ्याची एक पायली जाते आणि हिच्या दोनांतलीही एक?"

"नियम सगळ्यांना सारखा. आपण दुजाभाव करत नाही."

"आणि देवाची पायली देवाकडे कधी गेली? ती तर आपल्याच कणगीत पडते."

"हिला लिहायला शिकवलं तेव्हाच म्हणालो होतो मी," सोमिल पुटपुटले.

उग्रदत्तांनी आवाज खाली आणला. "पोरी, पौर्णिमेला कोठाराच्या किल्ल्या तुझ्या हाती देणार आहे मी. चारचौघांत तमाशा नको. हिला दोन पायल्या दान दे. पुण्य लागेल."

पूर्णिकेने टोपली मागे ओढली. "दान नको. माझं असेल तेवढंच द्या."

"ऐकलंत?" अनोपमा म्हणाली. "तिचंच धान्य तिला द्यायचं आणि वर पुण्यही आपणच घ्यायचं? किल्ल्या राहू द्या तुमच्याकडेच. आजपासून मी 'लाभ' म्हणणार नाही."

तिने पायली शिगोशीग भरली, पूर्णिकेच्या टोपलीत ओतली आणि दाराबाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारले, "एक. ही मागच्या बाजाराची."

दुसरी ओतली. "दोन. ही त्याच्या आधीच्या बाजाराची."

रांगेतले लोक खुंटीवरच्या आपापल्या दोऱ्यांकडे पाहू लागले. सोमिलांच्या तोंडातला गूळ तसाच राहिला.

विहारात जमलेल्या संघाला एवढे सांगून शास्ता भगवान म्हणाले, "त्या जन्मीची पूर्णिका म्हणजे दानातला आपला वाटा कमी का, असे आज विचारणारी भिक्षुणी सुमुक्ता. उग्रदत्त आणि सोमिल म्हणजे विहारातल्या दानातून ज्येष्ठपणाचा वाटा आधी बाजूला काढणारे, इथे पुढे बसलेले दोघे स्थविर भिक्षू. अनोपमा मीच होतो. तिने पाळली ती सत्यपारमिता, सत्याचे पूर्णत्व."

दोघे स्थविर खाली पाहत राहिले.