त्वष्ट्याचे उलटे धनुष्य

त्रेतायुग नुकते उजाडले होते, आणि असुरांना ब्रह्मदेवाकडून वर मागताना शब्द तोलून वापरायची सवय अजून लागायची होती, त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर वेळूंचे एक अफाट बन होते. त्या बनात महर्षी वेत्रकेतूंचा आश्रम होता. दशदिशांचे शिष्य तेथे धनुर्विद्या शिकण्यास येत, आणि आल्या दिवशी, पायांची धूळ धुण्याच्याही आधी, त्यांना एक नियम ऐकवला जाई: 'धनुष्य वेळूचे, सरळ आणि चार हात लांब असावे, दुसऱ्या कशालाही स्पर्श करू नये, आणि का, ते विचारू नये.'

आश्रमकन्या रोचना हा नियम सात वर्षे ऐकत होती. तिचे वेळूशी भांडण नव्हते. शेवटचे वाक्य मात्र तिच्या घशात काट्यासारखे अडकले होते. ती बुटकी होती. चार हातांचे धनुष्य पेलताना त्याचे खालचे टोक दर वेळी मातीत रुते आणि तिचा बाण वाट चुकलेल्या वासरासारखा भलतीकडे जाई.

"वाढशील हळूहळू," आचार्य दीर्घरोमा कमरेपर्यंत रुळणारी दाढी कुरवाळीत म्हणत.

"आचार्य, माझे वाढायचे वय सरले. आता धनुष्यानेच लहान व्हावे."

"उद्धट!" आचार्य म्हणत, आणि तिला समिधा आणायला पिटाळीत.

आश्रमाच्या आयुधशाळेत तसे लहान धनुष्य होतेही. देवांचा शिल्पी त्वष्टा याने महिषाचे शृंग, स्नायूंचे तंतू आणि चिकटवायचा सरस यांच्या थरांनी ते घडवून आश्रमाला दिले होते. अडीच हात लांबीचे, दोर उतरवलेला असल्याने दोन्ही टोके आत वळवून बसलेले, जणू आकाशातून खुंटीवर उतरलेली चंद्रकोर. त्याच्यावर बोटभर धूळ साचली होती. ते शापित आहे, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

त्याच पर्वतात गह्वर नावाचा असुर राहत असे. त्याने घोर तप करून वर मिळवला होता की, उघड्या आकाशाखाली त्याला कोणत्याही शस्त्राने मरण येऊ नये. म्हणून तो दिवसाढवळ्या बिनधास्त हिंडे, आणि थकला की आपल्या ठेंगण्या गुहेत जाऊन लोळे. एके सकाळी तो आश्रमात शिरला आणि पाटला नावाची गाय हाकून घेऊन गेला. "अमावास्येला हिचा फराळ!" अशी गर्जना करून गेला. अमावास्येला तीन दिवस उरले होते. पाटलेची आई तिला जन्म देतानाच गेली होती. रोचनेने तिला ओंजळीने दूध पाजून वाढवले होते.

शिष्य धावले. उघड्यावर त्यांचे बाण असुराच्या छातीवर फुलांसारखे पडले. मग ते त्याच्या मागे गुहेत शिरले, आणि तेथे खरी फजिती झाली. ओणवे झाल्याशिवाय आत जाता येईना. धनुष्याचे वरचे टोक छताला आपटे, खालचे खडकाला. एकाचा बाण दुसऱ्याच्या वल्कलात घुसला. गह्वर पोट धरून हसला. "उद्याही या रे! गाईपेक्षा तुमचीच चव न्यारी!"

परतलेल्या शिष्यांकडून ते ऐकताच रोचना तडक आयुधशाळेत गेली. खुंटीवरून धनुष्य काढते न काढते तोच दारात गुरुपत्नी मालिनी उभी राहिली.

"हात लावू नकोस म्हणून सांगितले होते ना?"

"सांगितले होते, माते. का, ते नाही सांगितले."

मालिनीने मागे वळून पाहिले, दार ओढून घेतले आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "का म्हणजे? शंभर वर्षांपूर्वी महर्षींनी याला दिसते तसाच दोर बांधला, या टोकापासून त्या टोकाला. ऐटीत ओढला, आणि अख्खे धनुष्य उलटून त्यांच्या नाकावर बसले! हळदीचा लेप मीच लावला. लेप वाळण्याच्या आत नियम तयार होता."

रोचना हसली नाही. तिने पुसून पुसून धनुष्याची टोके पाहिली. दोर बसवायच्या खाचा वळणाच्या आत नव्हत्या, बाहेरच्या अंगाला होत्या. शृंगाची चकचकीत बाजूही बाहेरच होती.

"माते, हे शापित नाही. हे पाठ फिरवून बसले आहे. याला उलट वाकवले पाहिजे."

अग्निशाळेच्या धगीवर त्यांनी ते ऊबदार केले. रोचनेने मांडीत अडकवून एक टोक रेटले, मालिनीने दुसरे. पहिल्या खेपेस दोघीही भुईवर आडव्या झाल्या.

"अग, माझे गुडघे दोनशे वर्षांचे आहेत!"

"मग दोनशे वर्षांचे बळ लावा, माते!"

दुसऱ्या खेपेस धनुष्य कुरकुरले, थरथरले, आणि वळले. दोर खाचांत बसला. टणत्कार असा उठला की वेळूबनातले मोर माध्यान्ही केकारव करू लागले, आणि यज्ञमंडपात दीर्घरोमांच्या हातची पळी सुटली.

गुहेत गह्वर पाटलेला टेकून पहुडला होता. "अगे पोरी, अर्धेच धनुष्य आणलेस? उरलेले कुठे विसरलीस?"

"उरलेले तुझ्या छताला लागले असते," रोचना म्हणाली आणि गुडघ्यावर बसली. दोर कानापर्यंत आला. ना टोक वर अडले, ना खाली. मेघाच्या पोटातून वीज सुटावी तसा तो बाण सुटला आणि असुराच्या वज्रासारख्या छातीत पिसापर्यंत शिरला.

"पण मला वर होता!" गह्वर कळवळला.

"होता ना, आकाशाखालचा. छताखालचा मागायला विसरलास."

पर्वत कोसळावा तसा तो कोसळला. पाटलेने रोचनेचा चेहरा चाटून ओला केला.

आश्रमात दुंदुभी वाजल्या, शिष्य नाचले. तेवढ्यात यज्ञाग्नीतून सुवर्णकांती त्वष्टा प्रकट झाला. "शंभर वर्षांनी कोणीतरी माझे धनुष्य सुलट चढवले! कन्ये, वर माग." वेत्रकेतूंचा हात नकळत नाकाकडे गेला.

महर्षी मनाचे कोते नव्हते. ते उठून उभे राहिले. "देवा, चूक माझी. आजपासून नियम बदलतो. धनुष्य शृंगाचे, वक्र आणि अडीच हात लांब असावे. वेळूला स्पर्श करू नये. आणि का, ते विचारू नये."

"साधु, साधु!" सारे आचार्य गर्जले.

"रोचने, हाच वर मागून घे," दीर्घरोमा म्हणाले. "देवाच्या मुखाने नियम अढळ होईल. अग, यात तुझाच गौरव आहे!"

"नाही," रोचना म्हणाली.

मंडपातल्या दुंदुभी थांबल्या.

"आषाढात हे धनुष्य रानात न्या, आचार्य. सरस ओल धरील, थर सुटतील, आणि मग वेळूच तुमची लाज राखील. ज्याचे बाहू लांब, ज्याला मोकळ्या माळावर उभे राहायचे, त्याने हे आखूड का पेलावे? तुम्ही धनुष्य तेवढे बदललेत. नियमाचे शेपूट जसेच्या तसे ठेवलेत. मी हा वर मागणार नाही, आणि ते शेवटचे वाक्य यापुढे ऐकूनही घेणार नाही. येईल त्याच्यापुढे दोन्ही धनुष्ये ठेवा. त्याला ओढून पाहू द्या. त्याची निवड होईपर्यंत या आश्रमात कोणाही वडीलधाऱ्याच्या तोंडून शब्द फुटू नये. देवा, द्यायचा तर हा वर द्या."

त्वष्टा एवढ्या मोठ्याने हसला की अग्नीच्या ज्वाळा मंडपाला टेकल्या. "तथास्तु!"

शिष्यांची एकच झुंबड उडाली. कोणी वेळू उचलला, कोणी शृंगधनुष्याला हात घातला. कोणी हे ओढून पाही, कोणी ते. दीर्घरोमांनी "अरे, तसे नव्हे" असे म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि ते उघडेच राहिले. महर्षींनी हात उंचावला. शब्द आला नाही. मालिनीने त्यांच्याकडे पाहून पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून त्या वेळूबनात, नवा शिष्य दोन धनुष्यांमध्ये उभा राहिला की आचार्यांची वाचा आपोआप मिटे, आणि त्या शांततेत त्याने ओढून सोडलेल्या दोराचा नाद पर्वतापलीकडे ऐकू जाई.