बुजलेलं बीळ

फार पूर्वी एका बंद कचेरीतल्या टेबलाच्या खणात दगडूआजोबा नावाचे उंदीर आणि त्यांची नात झिपरी राहत होती. कागद दिसला की तो कुरतडून बिछाना करायचा, ही उंदरांची रीत. आजोबा मात्र टेबलावरचा प्रत्येक कागद खणात ओढून नुसता रचून ठेवत.

"आजोबा, ढीग खणामागच्या बिळापर्यंत आलाय. अर्धे तरी कुरतडू या!"

"गप गं! लागतील कधीतरी."

"कधी? मांजर वाचायला मागेल तेव्हा?"

आजोबा रुसून ढिगावर जाऊन बसले.

एका दुपारी खरंच मांजर आलं. दोघं बिळाकडे धावली, पण बीळ कागदांनी गच्च बुजलं होतं. झिपरीने दातांनी वाट फोडली, आजोबांना आधी आत ढकललं आणि मग स्वतः शिरली. तिची अर्धी शेपटी मांजराच्या पंजाखाली राहिली.

"दुखतंय का गं?" आजोबा पुटपुटले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

एरवी एकाला दोन ऐकवणारी झिपरी उरलेली शेपटी चाटत बसली. तेच त्यांना जास्त लागलं.

मांजर गेल्यावर आजोबांनी मान खाली घालून आपला सर्वांत आवडता कागद ओढला आणि तिच्या बिछान्यासाठी कुरतडायला घेतला.